साडेबाराच्या पुढचं

मुलगी घरात नाही हे हेमलताच्या लक्षात यायला तसा वेळच लागला. आधी तिनं चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली, माठातलं पाणी घटाघटा प्यायली, आणि मग सवयीनं "मृणाली, गृहपाठ झाला का गं?" असं रिकाम्या खोलीला विचारून टाकलं. खोली काय बोलणार? तेव्हा कुठे तिला आठवलं की आज आपण लवकर आलो आहोत. धुळ्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सकाळीच वीज गेली, दुपारी इन्व्हर्टरनंही मान टाकली, आणि साहेब म्हणाले, आता बाटल्यांकडे नुसतं बघत बसून काय करणार, जा घरी. कित्येक वर्षं ती जळगाव-धुळे अपडाऊन करत होती. मुलगी सकाळच्या शाळेला निघाली की हीही बसस्टँड गाठायची, आणि दिवे लागून गेल्यावर परत यायची. मेहरूणमधल्या या दोन खोल्या एरवी तिच्या वाट्याला यायच्या त्या ट्यूबलाइटच्या उजेडातच. आज ओट्यावर तिरपं पिवळं ऊन पडलं होतं, त्यात मिठाची बरणी चमकत होती, दोरीवर मृणालीचा शाळेचा फ्रॉक वाळत होता, स्वतः धुतलेला, नीट उलटा करून. हे ऊन रोज येत असणार. ही बरणी रोज चमकत असणार. आपण कुणा परक्याच्या घरात चोरून शिरलोय असं हेमलताला वाटलं, आणि ती उगाचच हळू पावलं टाकायला लागली.

शाळा सुटल्यावर मृणाली शेजारच्या द्रौपदाबाईंकडे असायची. म्हणजे असते, असं हेमलता धरून चालली होती. साडेबाराला शाळा सुटते, मुलगी द्रौपदाबाईंकडे जेवते, अभ्यास करते, टीव्ही बघते, आणि आठला आई आली की घरी येते. मुलीचा दिवस असा डोळ्यांपुढे मांडून ठेवला की बसमध्ये जरा डोळा लागायचा. द्रौपदाबाई शिंदखेड्याकडच्या, साठी उलटलेल्या, पायरीवर बसून गवार मोडत होत्या.

"अक्का, मृणाली कुठंय?"

द्रौपदाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "ती ना? जेवनी, ताट धुई ठेवं, आन गयी."

"गेली? कुठे?"

"खेळाले. रोज जास."

"रोज? आणि तुम्ही विचारलं नाही कधी?"

"काय इचारू माय? पोर शे. जास, येस परत. भूक लागनी का येसच." एवढं बोलून त्यांनी गवारीचा एक दोर ओढून काढला, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

हेमलता घाबरली हे खरं, पण ती भीती फार वेळ टिकली नाही, हेही खरं. तिच्यामागून जे आलं त्याची तिला लाज वाटली. ते होतं कुतूहल. दहा वर्षांची आपली मुलगी, घरात विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी, रोज दुपारी कुठेतरी जाते आणि आठ वाजता असं तोंड करून दारात येते की जणू कुठे गेलीच नव्हती. राकेशला ठाऊक असेल? राकेश, तिचा नवरा, सावद्याला केळीच्या पॅकिंगच्या कामावर. तो यायचा त्याहून उशिरा, आला की मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि जेवायला बसायचा. त्याला कसलं ठाऊक असणार! आणि परवा, शनिवारी, शाळेत पालकांची सभा होती. शाळेचा दिवस साडेबाराऐवजी साडेपाचपर्यंत न्यायचा की नाही, ते तिथे ठरायचं होतं. बाकीच्या वर्गांचा होकार आला होता. पाचवीच्या पालकांनी हात वर केले की दिवाळीनंतर शाळा लांबणार होती.

आता यातली गंमत अशी, की सूचना मुळात हेमलताचीच होती. पाचवीची पालक-प्रतिनिधी म्हणून जूनमध्ये तिनंच पंडित सरांना गाठून सांगितलं होतं की सर, पोरं साडेबाराला घरी येतात आणि मग दिवसभर वाया जातात. पंडित सर मुख्याध्यापक, नव्याची हौस असलेला माणूस, त्यांनी ती सूचना उचलून धरली. वाया जातात, हा शब्द तिचा नव्हता. तो तिच्या वडिलांचा होता. अभिमन गुरुजी पारोळ्याला शिक्षक होते. शाळा सुटली की बाकीची पोरं उधळायची, आणि गुरुजी वस्तीतल्या चार-पाच मुलांना आणि आपल्या मुलीला वर्गात थांबवून घ्यायचे, अंधार पडेपर्यंत. गणित, मग व्याकरण, मग पुन्हा गणित. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, त्यांना वेळ वाया घालवायला परवडतं, आपल्याला नाही. आणि घरात 'आहे'ला 'शे' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. आई स्वयंपाकघरात हळू आवाजात अहिराणी बोलायची, गुरुजींची चाहूल लागली की 'आहे'वर यायची. हेमलताला त्याचा राग आला होता असं मुळीच नाही. त्या लांबलेल्या दुपारींनीच तिला पारोळ्यातून उचलून विज्ञानाच्या पदवीपर्यंत आणलं, पांढरा कोट दिला, नोकरी दिली. त्या वर्गातली सगळीच मुलं कुठे ना कुठे लागली. वडिलांचे उपकार ती विसरली नव्हती, आणि मुलीलाही तेच द्यावं, यात तिला काही गैर दिसत नव्हतं.

तरी एक गोष्ट त्या वर्गात तिला छळायची. भादव्याची पौर्णिमा झाली की पुढचा महिनाभर संध्याकाळी मागच्या गल्लीतून भुलाबाईची गाणी ऐकू यायची. पोरी टाळ्या वाजवत, टिपऱ्यांवर ठेका धरत एकामागून एक गाणं म्हणायच्या. भुलाबाई आपल्यात नसते, एवढंच गुरुजी म्हणाले होते, ओरडले नव्हते. बौद्धांच्या घरात ती नसते हे तिलाही कळत होतं. गाण्यांचं तिला काही वाटत नसे. पण गाणी संपली की त्या गल्लीत एकदम शांतता पसरायची. अगदी चिडीचूप. पंधरा-वीस पोरी, आणि एकीचा आवाज नाही. मग अचानक आरडाओरडा, हशा, धावाधाव. त्या शांततेत पोरी काय करतात? खिडकी उंचावर होती. हातातलं गणित तसंच राहायचं आणि हेमलता कान लावून बसायची. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुठल्याही मुलीनं सांगितलं असतं, पण विचारलं असतं तर आपण तिथे नसतो हे उघड झालं असतं. म्हणून तिनं विचारलं नाही. पुढे मोठी झाल्यावर कुणाकडून तरी कळायला हवं होतं, पण काही गोष्टी विचारायच्या वयात राहिल्या की राहूनच जातात.

तिनं चपला पुन्हा घातल्या. द्रौपदाबाई म्हणाल्या, "येसच ती, कसाले धुंडस?" पण हेमलता निघाली होती. मेहरूणमध्ये इतकी वर्षं राहून तिला दोनच रस्ते ठाऊक होते, एक स्टँडकडे जाणारा आणि एक किराण्याच्या दुकानाचा. आज ती तलावाच्या बाजूला वळली. एक पिठाची गिरणी लागली, तिच्या दारात पिठानं पांढरा झालेला माणूस पांढऱ्याच मिशीतून तिच्याकडे बघत होता. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या धान्याची चादर झटकली जात होती. एका ओट्यावर दोन मुलगे पतंगाच्या मांज्याचा गुंता सोडवत बसले होते, अगदी तन्मय, परीक्षेलाही कुणी इतकं लक्ष देत नसेल. हेमलता थबकून बघत राहिली. दुपारी चार ते सहा या वेळात एवढं सगळं होत असतं? आपण धुळ्याला शिंदखेड्याच्या, साक्रीच्या विहिरींचं पाणी तपासत असतो, त्यात काय मिसळलंय ते बिनचूक सांगतो, आणि आपल्याच गल्लीत काय मिसळलंय याचा पत्ता नाही. ती स्वतःशीच हसली. आणि तेवढ्यात गाणं ऐकू आलं.

तोच ठेका. पारोळ्याच्या मागच्या गल्लीतला. हेमलता एका भिंतीला टेकून उभी राहिली. समोर एका बैठ्या घराचं दार उघडं होतं. आत पाटावर मातीच्या भुलाबाई-भुलोजी, समोर पोरींचा घोळका, आणि घरची बाई खांद्यावर पदर घेऊन उभी. तिला सगळ्या सुनंदाबाई म्हणत होत्या. गाणी संपली. आणि मग ती शांतता आली.

सुनंदाबाईंनी पदराखालून झाकणाचा डबा काढला आणि पोरींच्या कानांजवळ नेऊन हलवला. एकदा. दोनदा. पोरी कान देऊन ऐकत होत्या, डोळे मिटून, ओठ घट्ट धरून. डब्यात खाऊ होता आणि तो न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखायचा होता. एवढंच. तीस वर्षं जिचं कोडं पडलं होतं ती ही शांतता. पोरी ऐकत होत्या, बस्स. हेमलताला हसू आलं. आणि तिच्याही नकळत तिचा कान त्या डब्याकडे लागला. फुटाणे, ती मनात म्हणाली. नाही, फुटाणे एवढे हलके वाजत नाहीत.

"गोड शे का तिखट शे?" एक पोर म्हणाली. आवाज खणखणीत, थोडा हुकूम सोडणारा.

"तिखट," सुनंदाबाई म्हणाल्या.

"परत हलवा. तशे नही, हायू हायू." डबा हळूहळू हलला. "माले समजनं. वेफर शेतस. केयाना."

केळ्याचे वेफर. बरोबर होतं. आरडाओरडा झाला, पोरी त्या मुलीच्या अंगावर पडल्या, आणि तेव्हा हेमलताला तिचं तोंड दिसलं. ती मृणाली होती. घरात 'पाणी घेऊ का' एवढंही विचारून घेणारी मृणाली, कमरेवर हात ठेवून, वेणी सुटलेली, अहिराणीत सगळ्यांना कामाला लावणारी. हेमलताला मुलीचा आवाज ओळखू आला नव्हता, कारण तो तिनं कधी ऐकलाच नव्हता. ही बोली तिला कुणी शिकवली? शाळेनं नाही. आईनं तर नाहीच. तो ठसका, ते हेल तिनं याच गल्ल्यांमधून, याच वेळातून उचलले होते. हेमलताला आपली आई आठवली, चाहूल लागताच 'आहे'वर येणारी, आणि पोरीचं इतकं कौतुक वाटलं की धावत जाऊन तिला उचलावं. पण ती हलली नाही. अजून बघायचं होतं.

खाऊ वाटून झाला. मृणालीनं सुनंदाबाईंकडून एक छोटी डबी मागून घेतली, त्यात मूठभर वेफर टाकले, आणि सगळा घोळका दोन घरं पलीकडे एका तळमजल्याच्या दारापाशी गेला. जाळीचं लोखंडी दार, बाहेरून कुलूप. जाळीच्या आत एक लहानखुरी मुलगी दोन्ही हातांनी गज धरून उभी होती, वाट बघत. मृणालीनं डबी जाळीला लावून हलवली. "ऐक तेजल. वळख." तेजलनं गजाला कान लावला, बराच वेळ लावला. बाहेरच्या सगळ्या जणींना उत्तर ठाऊक होतं आणि एकही बोलली नाही. "कुरमुरे," तेजल म्हणाली. "नही." "वेफर?" पोरी ओरडल्या आणि मृणालीनं एकेक वेफर जाळीतून आत सारला. मोडणार नाही असा, आडवा धरून. ही मुलगी कुणाची, कुणी कोंडली, हेमलताला काही कळेना. ती दोन पावलं पुढे झाली, आणि तिथेच चुकलं. मृणालीनं मान वळवली.

चेहरा उतरला म्हणावं तर तसंही नाही. नुसता बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. डबी धरलेले हात खाली आले. "मम्मी, तू लवकर आलीस?" शुद्ध, स्वच्छ, घरातली मराठी. पोरी एकेक करून पांगल्या. तेजल जाळीतून मागे सरली. रस्त्यानं येताना हेमलता म्हणाली, "किती छान ओळखलंस गं." मृणाली म्हणाली, "सहज." दारात आल्यावर तिनं विचारलं, "शनिवारी तू हात वर करणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार," मृणाली म्हणाली आणि वाळलेला फ्रॉक काढून घडी घालायला लागली.

शुक्रवारी धुळ्याच्या बसमध्ये हेमलताचा डोळा लागला नाही. एरंडोल गेलं, पारोळ्याला बस थांबली, खिडकीखाली पेरूवाल्या बाया टोपल्या घेऊन आल्या, आणि ती आपली स्वतःशी वाद घालत बसली. बाबांनी ते दोन तास घेतले आणि त्याचं सोनं केलं, हे कसं नाकारू? मागच्या गल्लीतल्या त्या पोरी आज कुठे आहेत? एखादी इथंच पेरू विकत असेल, आणि मी कोटातली आहे. पण मृणालीला तो कोट तर तसाही मिळणार आहे. तिच्या आईला पगार आहे, घरात पुस्तकं आहेत. तिला त्या वेळात जे मिळतंय ते मी कुठल्या दुकानातून आणू? मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले तर ते नाहीसं झालं. मग पंडित सर उभे राहिले तर काय राहील? धुळं येईपर्यंत तिचं ठरलं. सूचना आपली, आपणच मागे घ्यायची. लोक हसतील तर हसोत.

शनिवारी वर्गात बाकांवर गुडघे दुमडून पालक बसले होते. पंडित सरांनी सगळं समजावून सांगितलं. जेवण शाळेत, गृहपाठ शाळेत, खेळ शाळेत. "आणि आपली संस्कृती सुटणार नाही बरं का," ते म्हणाले, "पुढच्या भादव्यापासून दर बुधवारी शेवटच्या तासाला भुलाबाई. मुलांनाही घेणार, भेदभाव नाही. खाऊ कुणी काय आणायचा ते आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकू, म्हणजे पौष्टिक येईल आणि दर वेळी तेच ते होणार नाही." बायांनी माना डोलावल्या. यातल्या निम्म्या तरी लहानपणी डब्याला कान लावून वाढलेल्या होत्या, आणि खाऊ आधीच सांगितला तर ओळखायचं काय, हे एकीच्याही लक्षात आलं नाही. सर भला माणूस, त्यांच्याही आलं नाही. हेमलताला त्यांचा राग आला नाही, उलट नवल वाटलं की इतक्या प्रेमानं एखादी गोष्ट किती सहज मारता येते.

"हेमलता मॅडम, तुमचीच कल्पना. तुम्ही बोला."

ती उभी राहिली. "सर, मी ती सूचना मागे घेते." वर्गात कुजबुज झाली. "पोरांचा तो वेळ वाया जातो असं मी म्हटलं होतं. मला माहीत नव्हतं. मी परवा बघितलं. आपण नसतो तेव्हा ती काहीतरी वेगळीच असतात. थोडा वेळ तरी कुणी बघत नाही असा त्यांना असू द्या." तिला आणखी बोलायचं होतं, पण मागच्या बाकावरून एक बाई उठली. डाळ मिलमधून तशीच आलेली असावी, केसांवर पिवळट धूळ होती. शिल्पा, हेमलता तिला पालक म्हणून तोंडओळखीनं जाणायची.

"ताई, तुम्हांला द्रौपदाबाई आहेत," शिल्पा म्हणाली. ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. "माझ्या पोरीला कुलूप आहे. एक ते सहा. शेजार नवा आहे, माणसं कशी आहेत मला माहीत नाही, नवरा बाहेरगावी. मी कुलूप लावते आणि दुपारभर मिलमध्ये डाळ निवडताना मला तेच दिसतं, की आग लागली तर. तुमच्या पोरी तिला जाळीतून खाऊ देतात, तेजल सांगते मला. लय गुणाच्या आहेत. पण ती त्यांच्यात जाऊ शकत नाही, ताई. तिनं भुलाबाई बघितलेलीच नाही. आवाज ऐकते."

हेमलता सरांकडे वळली. तिनं विचारलं, "सर, ज्यांना थांबायचं तीच मुलं थांबली तर?" सर म्हणाले, "अर्ध्या मुलांसाठी जेवण आणि शिक्षक परवडत नाहीत मॅडम. सगळी, नाहीतर कुणीच नाही." तिनं वळून शिल्पाकडे पाहिलं. आवाज ऐकते. गजाला कान लावून उभी असलेली ती लहानखुरी मुलगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण निदान वर्गात होतो, सोबत चार पोरं होती, समोर बाप होता. हिला तेवढंही नाही. सर म्हणाले, बरं मग, हात वर करा. शिल्पाचा हात सगळ्यांत आधी गेला. इकडे-तिकडे काही गेले, काही खाली राहिले, लोक हेमलताकडे बघत थांबले होते. तिनं हात वर केला. मग बाकीचेही गेले. शिल्पा खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

घरी मृणाली उंबऱ्यावर बसली होती. हेमलता तिच्या शेजारी बसली, पर्सही खाली न ठेवता. गोष्ट आडून सांगण्यात अर्थ नव्हता.

"मी हात वर केला," ती म्हणाली. "दिवाळीनंतर शाळा साडेपाचपर्यंत."

मृणालीनं खालचा ओठ दातात धरला. हेमलताला वाटलं आता रडेल, रडावी, निदान भांडावी. पण मृणालीनं विचारलं, "तेजल पण?"

"हो. सगळीच."

"म्हणजे तिला कुलूप नाही लावणार?"

"नाही. शाळा सुटेल आणि थोड्या वेळात तिची आई येईल."

मृणाली विचारात पडली. समोरच्या रस्त्याकडे बघत तिचं काहीतरी चाललं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं पण कळत नव्हतं. "मग साडेपाचनंतर तिची आई तिला सोडेल? आमच्याबरोबर?"

"मी बोलेन तिच्याशी. सोडेल."

"आणि तू आठलाच येशील ना?"

"हो गं. बस वेळेवर असली तर आठलाच."

मृणालीनं मान हलवली. मग आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं, आणि अगदी समजुतीच्या सुरात, मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं म्हणाली, "मग तू परवासारखी लवकर नको येत जाऊ हं, मम्मी."

हेमलताला ते लागलं. चांगलंच लागलं. तिनं पोरीकडे पाहिलं, आणि तिला जवळ ओढायला उचललेला हात गुडघ्यावर तसाच ठेवला.

"नाही येणार," ती म्हणाली.